गोळी एक, हिशेब दोन

प्रश्न : डॉक्टरकाका, नमस्कार. माझं वय ५६. तीन वर्षांपूर्वी तपासणीत बीपी १५८/९६ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६४ निघालं. तेव्हापासून सकाळी बीपीची एक आणि रात्री कोलेस्टेरॉलची एक अशा दोन गोळ्या घेत होते. बीपी १३४/८४ च्या आसपास असायचं, एलडीएल १०१ वर आलं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, 'आता दोन्ही मिळून एकच गोळी देतो,' आणि चिठ्ठी बदलली. रात्रीची जुनी १० मिलिग्रॅमची गोळी संपलीच होती, तिच्या जागी ही नवी सुरू केली. सकाळच्या गोळ्या मात्र तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवल्या होत्या, त्या वाया जाऊ नयेत म्हणून तेवढ्या संपवते आहे. पण नवी गोळी मला सोसत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे सुजतात, मोज्याचा काठ कातडीत रुततो. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटऱ्या जड होऊन दुखतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्नायू दुखतात असं बरंच वाचलं. घरचे म्हणतात, बीपी आता ११०/६८ येतंय, एलडीएलही चांगलं आहे, मग गोळी हवीच कशाला? एका गोळीत दोन औषधं म्हणजे दोन्ही अर्धी अर्धी असतात का? नवी बंद करून नुसती सकाळची जुनी ठेवली तर चालेल का? दोन्ही पाकिटांचे फोटो सोबत पाठवते.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. 'वाया जाऊ नयेत म्हणून संपवते आहे' हे वाचलं, चष्मा पुसला आणि दोन्ही फोटो मोठे करून पाहिले.

जुन्या पाकिटावर कंपनीचं ठळक नाव आहे, त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम'. नव्या पाकिटावर वेगळंच ठळक नाव, आणि खाली पुन्हा मुंग्यांची रांग. त्या रांगेत दोन नावं आहेत : ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि ॲटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम. म्हणजे तुमची सकाळची जुनी गोळी रात्रीच्या नव्या गोळीत बसलेलीच आहे. गेले दोन महिने ॲम्लोडिपिन तुम्ही दोनदा घेताय, पाचाच्या जागी दहा. कोलेस्टेरॉलचं औषध मात्र तीन वर्षं होतं तेवढंच आहे.

आता तुमच्या तक्रारी याच्या शेजारी मांडून बघा. बीपी १३४ वरून ११० वर आलं, उठताना अंधारी येते, घोटे सुजतात. नव्या गोळीने बीपी 'बरं झालं' असं तुमच्या घरच्यांना वाटतंय, ते बरं झालेलं नाही, जरुरीपेक्षा जास्त दाबलं गेलंय.

म्हणून आधी काम, गप्पा नंतर. चिठ्ठी काढा. तिच्यावर जुनी गोळी नसेल तर डॉक्टरांच्या हिशेबी ती त्याच दिवशी बंद झालेली आहे. आजच फोन करून नेमका एवढाच प्रश्न विचारा : 'नवी सुरू केल्यावर सकाळची ॲम्लोडिपिन बंद करायची होती ना? मी अजून घेतेय.' अंधारी येते हेही सांगा. 'मला सोसत नाही' एवढंच मोघम सांगितलंत तर समोरचा माणूस नवी गोळीच बदलून देईल, आणि जुनी सकाळी पोटात जातच राहील. डॉक्टर कामात असल्याने ही चूक त्यांच्या डोळ्यांसमोर नसते, ती फक्त तुमच्या डब्यात दिसते. फोन होईपर्यंत उठताना आधी बसा, मिनिटभर थांबा, मग उभ्या राहा.

हे तुम्हाला ओरडायला लिहीत नाही. जोडगोळी सुरू झाली की ही चूक भल्याभल्यांची होते. पूर्वी रोग दोन, गोळ्या दोन, असा सरळ हिशेब असतो. एक गोळी आली की ती 'नवी गोळी' होते. तिच्या पोटात जुन्याच दोघी आहेत हे पाकिटावर कुणी ठळक छापत नाही, आणि चिठ्ठी देताना 'जुन्या दोन्ही बंद' हे तीन शब्द बोलायचे राहून जातात. चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्याकडूनही ते राहिलेले आहेत.

आता सुजेकडे येतो. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही. कॅल्शियम नाही तर स्नायू आवळत नाही, वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. पण ते सैल करतं मुख्यतः रक्त आणणाऱ्या बारीक धमन्यांना. रक्त परत नेणाऱ्या शिरा होत्या तशाच राहतात. नळ मोठा सोडला आणि मोरीचं भोक तेवढंच ठेवलं तर पाणी जिथे तुंबेल, तिथेच ते तुंबतं. केशवाहिन्यांतून थोडं थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहिल्या-बसल्याने घोट्यात उतरतं. म्हणून ही सूज सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आणि दोन्ही पायांना सारखी असते. शरीरात पाणी वाढलेलं नसतं, त्यामुळे लघवीची गोळी घेऊन ती फारशी हटत नाही. काही लोक डॉक्टरांना न विचारता तोही प्रयोग करतात, तुम्ही करू नका.

आणि ही सूज मात्रेवर चालते. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातले आकडे आहेत : ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत सूज सुमारे ३ टक्क्यांना आली, १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत जवळजवळ ११ टक्क्यांना. त्यातही बायकांमध्ये ती पुरुषांपेक्षा बरीच जास्त दिसली. तीन वर्षं पाचावर तुमचा घोटा गप्प होता, दहावर बोलायला लागला. मात्रा खाली आली की एक-दोन आठवड्यांत सूज ओसरायला हवी. पाचावर येऊनही राहिली तर डॉक्टरांकडे दुसरे मार्ग आहेत. मात्रा आणखी उतरवतात किंवा दुसऱ्या गटातलं असं औषध जोडतात, जे शिरांनाही सैल करतं.

सूज एकाच पायाला असेल, पोटरी लाल-गरम झाली असेल, किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, आडवं पडल्यावर जास्त लागत असेल, तर मात्र मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही नवी बंद करून जुनी ठेवायचं म्हणताय. ते केलं असतं तर काय झालं असतं, बघा. ॲम्लोडिपिन दहाचं पाच झालं असतं. आठ-दहा दिवसांत सूज उतरली असती, अंधारी गेली असती, पायांचा जडपणाही गेला असता. तुम्ही म्हणाला असता, 'बघा, कोलेस्टेरॉलचीच गोळी बाधत होती!' त्यानंतर जन्मभर कुणीही ॲटोर्वास्टॅटिन लिहून दिली की तुम्ही हात जोडून नको म्हणाला असता. गुन्हा एकीचा, शिक्षा दुसरीला. जोडगोळीचा हा खरा तोटा आहे. दोन औषधं एका कपड्यात येतात, आणि काही बिनसलं की माणूस दोघींना एकदम घराबाहेर काढतो, किंवा चुकीची काढतो. म्हणून गोळी एक असली तरी हिशेब दोन ठेवायचे. तक्रार आली की आधी विचारायचं, ही कुणाची?

पोटऱ्यांचं दुखणं तुम्ही स्टॅटिनच्या, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिनच्या जातीच्या कोलेस्टेरॉलच्या औषधांच्या, खात्यावर टाकलंय. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात हे खरं आहे. ते दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं येतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे असं मोठ्या स्नायूंना, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत. तुमची मात्रा तीन वर्षांत बदललेली नाही. त्यामुळे सुजलेल्या पायांचा जडपणा हा माझा पहिला संशयित आहे, स्टॅटिन नंतरची.

त्यातून या दुखण्याची एक गंमत आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्या साठ जणांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या : चार ॲटोर्वास्टॅटिनच्या, चार हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या, आणि चार रिकाम्या. रोजचा त्रास फोनवर नोंदवायचा. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी होता. गोळीच्या महिन्यांत वाढला, पण खऱ्या आणि खोट्या गोळीत जवळजवळ सारखाच वाढला. सगळा हिशेब केल्यावर स्टॅटिनने होणाऱ्या त्रासातला नव्वद टक्के भाग खोट्या गोळीनेही होत होता. ते लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच दुखत होतं. पण दुखवत होती ती बहुतांशी धास्ती, औषध नव्हे. आपलेच आकडे बघून त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ 'सगळं मनाचं आहे' म्हणून झटकून टाकायचं असा नाही. तसं सांगणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. दुखणं टिकलं तर रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासता येतं, गोळी काही आठवडे थांबवून बघता येते, मात्रा किंवा जात बदलता येते. आणि अंग जबर दुखून अशक्तपणा आला, लघवी काळपट तपकिरी झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. फार क्वचित घडतं, पण घडतं.

'अर्धी अर्धी असतात का?' नाही. जोडगोळीत दोन्ही औषधं पूर्ण मात्रेत असतात. अमेरिकेत या जोडीला २००४ च्या जानेवारीत मान्यता मिळाली, तेव्हापासून ती बऱ्याच वेगवेगळ्या मात्रांत बनते. पाकिटावर ५/१० असे आकडे दिसले तर कुठला कुणाचा हे बारीक अक्षरांत वाचून घ्या, अंदाज करू नका. दुसरी एक गोष्ट : ॲम्लोडिपिन हे फार मिळून-मिसळून राहणारं औषध आहे. ते बीपीच्या इतर औषधांबरोबरही जोडलेलं मिळतं. उद्या कुणी तुम्हाला तिसरीच गोळी दिली तर तिच्यातही ते लपलेलं असू शकेल.

मग ही दोघी एकत्र का नांदतात? बीपी आणि कोलेस्टेरॉल हे दोघं एकाच भिंतीवर काम करतात. वाढलेला दाब धमनीच्या आतल्या अस्तराला रोज झिजवतो, आणि जिथे अस्तर दुखावलं तिथे एलडीएल शिरून साचतं. एकाने ओरखडा काढायचा, दुसऱ्याने त्यात चिखल भरायचा. दोन्ही थोडे थोडे वाढलेले असणं हे एकच खूप वाढलेलं असण्याइतकं वाईट ठरू शकतं, आणि थोडं थोडं असल्यामुळे माणूस दोन्हीकडे काणाडोळा करतो.

या विचाराला जोर आला तो एका मोठ्या अभ्यासाने, ॲस्कॉट त्याचं नाव. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातल्या देशांतले, बीपी वाढलेले पण कोलेस्टेरॉल फारसं न वाढलेले दहा हजारांवर लोक त्यात होते. बीपीच्या उपचाराबरोबर निम्म्यांना ॲटोर्वास्टॅटिन १० दिली, निम्म्यांना खोटी गोळी. पाच वर्षं चालवायचं ठरलं होतं, पण फरक इतक्या लवकर दिसला की तो भाग साधारण सव्वातीन वर्षांतच थांबवला. २००३ साली निकाल छापून आला : हृदयविकाराचे झटके आणि त्यामुळे होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी. हा आकडा जाहिरातीत छान दिसतो, म्हणून उघडा करून सांगतो. खोट्या गोळीच्या गटात १५४ घटना झाल्या, औषधाच्या गटात १००, प्रत्येक गटात पाच हजारांहून थोडे जास्त लोक. म्हणजे तेवढ्या काळात शंभरातल्या साधारण एकाचा झटका टळला. ज्याचा टळला त्याला कळतही नाही, की तो आपणच.

म्हणूनच घरच्यांचं 'आता गोळी कशाला' मला समजतं. बीपीच्या गोळीचं काम निदान यंत्रावर दिसतं. ॲटोर्वास्टॅटिनचं काम कशातच जाणवत नाही. ती यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवते. घरचं उत्पादन घटल्यावर यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला आपल्या पृष्ठभागावर जास्त हात उगवतं. (या औषधांचं मूळ बुरशीत आहे. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने सहा हजारांच्या आसपास बुरशी तपासून १९७३ साली पहिलं स्टॅटिन हाताला लावलं. माणसाची चिकाटी बघा, आणि आपल्याला एक गोळी रोज घ्यायचा कंटाळा.) गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी जातं. तुमचं १०१ हे गोळीसकटचं १०१ आहे. गोळीविना ते १६४ आहे, असंच धरून चाला.

बीपीचं सोडणं तर आणखी फसवं. माझंच सांगतो, कारण मीही हीच जोडी घेतो. एकदा प्रवासात औषधाचं पाकीट घरीच राहिलं. दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं, १२८. तिसऱ्या दिवशी १३०. डॉक्टर असूनही मनात आलं, अरे, लागतच नाही की! परत आल्यावर सातव्या दिवशी मोजलं तर १५६. ॲम्लोडिपिन अंगातून फार सावकाश जातं. रक्तातली त्याची मात्रा निम्मी व्हायलाच तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळे सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळं आलबेल दिसतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणूस निर्णय घेतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, तरी तीन दिवस मी हुरळलो होतो. तुमच्याही बाबतीत उलट दिशेने तेच होईल : जुनी थांबली तरी बीपी दुसऱ्याच दिवशी वर येणार नाही, आठवडा द्या. मग १३० च्या घरात आलं तर 'बीपी वाढलं' म्हणून घाबरून जुनी पुन्हा सुरू करू नका. तो तुमचा नेहमीचाच आकडा आहे. तो तिथेच असावा की आणखी खाली, हे डॉक्टर ठरवतील आणि त्यांच्या हिशेबाने औषध देतील.

मोजताना मात्र नीट मोजा. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाय एकावर एक नाही, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. तुम्हाला अंधारी येते म्हणून उभं राहून मिनिटभराने आणखी एकदा मोजा आणि तो आकडा वेगळा लिहा. फोनवर डॉक्टरांना तोच सगळ्यात उपयोगी पडेल.

वेळ सकाळची की रात्रीची, याचा फार विचार करू नका. जुनी काही स्टॅटिनं अंगात थोडाच वेळ टिकायची, आणि यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं, म्हणून ती झोपताना द्यायचे. ती सवय तशीच पुढे चालत आली. ॲटोर्वास्टॅटिनचा परिणाम दिवसभर टिकतो, ॲम्लोडिपिन तर त्याहून चिवट. बीपीच्या गोळ्यांबाबत २०२२ साली एकवीस हजार लोकांवरचा ब्रिटिश अभ्यास आला, त्यात सकाळी आणि संध्याकाळी घेणाऱ्यांत फरक निघाला नाही. तुम्हाला जी वेळ चुकत नाही ती चांगली. एखादा दिवस राहिलाच तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम नाही.

जोडगोळीची बाजू म्हणून सांगायचं तर तिचा सगळ्यात मोठा गुण कंटाळ्याशी जोडलेला आहे. गोळ्या जितक्या कमी तितक्या त्या नियमाने घेतल्या जातात, आणि न घेतलेलं उत्तम औषध घेतलेल्या साध्या औषधापुढे हरतं. तुमच्या मात्रा वर्षानुवर्षं स्थिर होत्या, तेव्हा डॉक्टरांनी योग्य वेळी जोडली आहे. अजून मात्रा खालीवर चालू असलेल्या माणसाला मी ती देत नाही, कारण एक बदलायची तर दुसरीही हलते.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. ॲटोर्वास्टॅटिनचं काही औषधांशी जमत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा इट्राकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध घेतलं तर ते स्टॅटिनची अंगातली पातळी वाढवतं. अशा वेळी डॉक्टर स्टॅटिन काही दिवस थांबवायला सांगू शकतात. जोडगोळी थांबवली की बीपीचं औषधही थांबतं. त्या दिवसांत सुटी ॲम्लोडिपिन लागते. म्हणून कुणाही डॉक्टरकडे गेलात की 'बीपीची एक गोळी चालू आहे' असं सांगू नका, दोन्ही नावं सांगा. दातांच्या डॉक्टरलाही सांगा, कारण ॲम्लोडिपिनने क्वचित हिरड्या फुगतात आणि लोक वर्षभर ब्रश बदलत बसतात. हे सदर तरुण मुलीही वाचतात म्हणून ओझरतं : मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर ही जोडी चालत नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

राहिला तुमचा मूळ जीव अडकलेला प्रश्न, उरलेल्या सकाळच्या गोळ्यांचा. त्या एका लिफाफ्यात घाला, वर मोठ्या अक्षरांत 'ॲम्लोडिपिन ५, बंद' आणि मुदतीची तारीख लिहा, आणि रोजच्या डब्यापासून दूर ठेवा. पुढच्या भेटीला लिफाफा बरोबर न्या. डॉक्टर म्हणाले की या संपवून टाका, तर तेवढे दिवस जोडगोळी बाजूला ठेवून सुटी ॲम्लोडिपिन आणि सुटी ॲटोर्वास्टॅटिन अशी चिठ्ठी ते लिहून देतील. नको म्हणाले तर मेडिकलमध्ये विचारून नीट विल्हेवाट लावा. शेजारणीला बीपी आहे म्हणून तिला देऊ नका. तिच्या गोळीतही ॲम्लोडिपिन नसेलच, असं तिच्या पाकिटावरची मुंगीअक्षरं वाचल्याशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही.